मांडीवर मावेल असा लॅपटॉप

परभणीहून निघायचे, दोन दिवसांत तीन तालुक्यांची गावे करायची आणि प्रत्येक ठिकाणी एखाद्या नागरी सहकारी बँकेच्या शाखेत बसून, बँकेच्या परवानगीने, तिच्या संगणकजाळ्यात चोराला शिरता येईल का हे तपासायचे, असे माझे काम गेली काही वर्षे चालू आहे. रिझर्व्ह बँकेने १९ ऑक्टोबर २०१८ रोजी नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची मूलभूत चौकट जाहीर केली आणि ३१ डिसेंबर २०१९ च्या परिपत्रकाने या बँकांचे त्यांच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीनुसार चार स्तर पाडले. तेव्हापासून हा विषय आमच्या भागातील बँकांच्या संचालक मंडळांच्या बैठकांतही निघू लागला. मला त्यातून काम मिळाले, आणि कामाबरोबर एक प्रश्नही मिळाला, तो म्हणजे एस.टी.च्या आणि रेल्वेच्या प्रवासात सोबत कोणता लॅपटॉप ठेवावा. या प्रश्नाचे उत्तर शोधताना माझे दोनदा पैसे वाया गेले, म्हणून हे थोडे सविस्तर लिहीत आहे.

काम करायला मिळणारी जागा कशी असते हे आधी सांगितले पाहिजे, कारण निवडीचा निम्मा निर्णय त्या जागेनेच करून टाकलेला असतो. शाखेत ‘सर्व्हर रूम’ म्हणून जी दाखवतात ती बहुधा लॉकरच्या खोलीमागची सहा बाय आठची जागा असते. भिंतीला टांगलेला नेटवर्क स्विचचा पेटारा, खाली यूपीएसच्या बॅटऱ्यांची रांग, कोपऱ्यात जुन्या व्हाउचरांचे गठ्ठे आणि बसायला शिपाईकाकांनी आणून दिलेले प्लॅस्टिकचे स्टूल. टेबल नसते. मे महिन्यात, बाहेर पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असताना, अशाच एका खोलीत मी डाव्या मांडीवर लॅपटॉप आणि उजव्या मांडीवर वही घेऊन बसलो होतो. जवळची केबल मीटरभर लांबीचीच निघाल्यामुळे पेटाऱ्याला खेटून बसावे लागत होते, आणि यूपीएसच्या पंख्याची गरम हवा थेट पोटरीवर येत होती. तेवढ्यात शाखाधिकाऱ्यांनी दारातून डोकावून विचारले, “अहो साहेब, एवढ्याशा डब्यावर आमच्या अख्ख्या बँकेची तपासणी होते का?”

होते, आणि ती कशी होते हे कळले की लॅपटॉप किती ताकदीचा हवा याचा अंदाजही येतो. जाळ्यावर कोणती यंत्रे जागी आहेत आणि त्यांची कोणती दारे उघडी आहेत हे एनमॅपने पाहायचे, वायरशार्कमध्ये जाळ्यावरची वाहतूक वाचायची, बँकेचे वेब अॅप्लिकेशन तपासायला बर्प नावाचे सॉफ्टवेअर सुरू करायचे आणि सापडलेले सगळे व्यवस्थित लिहून ठेवायचे, हा त्या दिवसाचा खरा कार्यक्रम असतो. एनमॅप १९९७ सालापासून आहे आणि तो आजही अगदी साध्या यंत्रावर सुखाने चालतो, कारण त्याचा बहुतेक वेळ समोरून उत्तर येण्याची वाट पाहण्यातच जातो. मेमरी खातो तो बर्प, आणि त्याहून जास्त खातात आभासी यंत्रे, म्हणजे एकाच संगणकात सॉफ्टवेअरने उभे केलेले दुसरे संगणक. प्रोसेसरचा घाम काढणारे काम एकच आहे, ते म्हणजे पासवर्डचे हॅश (साठवलेले सांकेतिक रूप) फोडणे, आणि ते काम लॅपटॉपवर करायचेच नसते. त्यासाठी माझ्या घरी ग्राफिक्स कार्ड बसवलेला एक डेस्कटॉप आहे. बँकेने करारात तशी लेखी परवानगी दिली असेल तरच हॅश कूटबद्ध करून तिकडे नेतो, आणि परवानगी नसेल तर ‘हा पासवर्ड दुबळा वाटतो’ एवढ्यावरच अहवालात थांबतो.

हे मला सुरुवातीला समजले नव्हते. माझा पहिला लॅपटॉप १५.६ इंची, गेम खेळण्यासाठी बनवलेला होता. वजन अडीच किलोच्या आसपास, आणि चार्जर म्हणजे वेगळी वीटच. तपोवन एक्सप्रेसच्या साध्या बैठकीच्या डब्यात तो उघडला की शेजारच्या प्रवाशाच्या कोपराला पडदा लागायचा, आणि पुढच्याने पाठ मागे टेकवली की बिजागरीवर ताण यायचा. सेलू ते परतूर एवढ्या अंतरात बॅटरी निम्म्यावर येत असे. त्यात ग्राफिक्स कार्ड उत्तम होते, पण तीन वर्षांत प्रवासात मी ते किती वेळा वापरले हे मोजायला एका हाताची बोटेही जास्त होतील.

म्हणून मग लहान यंत्रांकडे वळलो, आणि जसे कोणाचेही होते तसे माझेही मन आधी अगदीच लहान यंत्रांवर गेले. २००७ साली आसुसचा ७ इंची ई-पीसी आला तेव्हा मी शाळेत होतो आणि तो केवळ चित्रात पाहिला होता. त्या नेटबुकांची लाट पुढे ओसरली, पण खिशात मावणाऱ्या संगणकाची हौस गेली नाही. २०१९ मध्ये आलेला जीपीडी कंपनीचा मायक्रोपीसी हे तिचे माझ्या दृष्टीने सर्वांत शहाणे रूप आहे. ६ इंची पडदा, वजन ४४० ग्रॅम, ८ जीबी रॅम, आणि एवढ्याशा देहात पूर्ण आकाराचे नेटवर्कचे भोक व आरएस-२३२ हा जुन्या धाटणीचा सिरियल पोर्टही. एका मित्राचा तो मी दोन दिवस मागून आणला होता. स्विचच्या कन्सोलला जोडायला आणि उभ्या उभ्या केबल तपासायला त्याच्यासारखे साधन नाही. मात्र संध्याकाळी लॉजच्या खोलीत त्यावर अहवाल लिहायला बसलो तेव्हा दोन अंगठ्यांनी टाइप करता करता एक परिच्छेद लिहायला अर्धा तास गेला. चाचणीचे काम करणाऱ्याचा निम्मा दिवस लिहिण्यात जातो ही गोष्ट या क्षेत्राबाहेरच्या माणसाला पटत नाही, पण लॅपटॉप निवडताना तीच सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवी. दहाही बोटे बसतील असा कळफलक साधारण १२ इंचांच्या यंत्रापासून मिळू लागतो, आणि माझ्यापुरती लहान आकाराची खालची मर्यादा तिथे ठरली.

त्याच आकाराची नवी, सुरीच्या पात्यासारखी पातळ यंत्रेही पाहिली. ती हातात घेतल्यावर मोह होतोच. मॅकबुक एअरचे २०२० चे एम१ चे मॉडेल १.२९ किलोचे, त्यात पंखाच नाही, आणि बॅटरी दिवसभर पुरते. पण त्याचा प्रोसेसर वेगळ्या घराण्याचा असल्यामुळे नेहमीच्या इंटेल विंडोजची आभासी यंत्रे त्यावर सरळपणे चालत नाहीत, आणि माझ्या सरावाच्या प्रयोगशाळेत तीच असतात. विंडोजवाल्या पातळ यंत्रांचे दुखणे निराळे. त्यांची रॅम बहुधा मदरबोर्डवरच सोल्डर केलेली असते, म्हणजे खरेदीच्या दिवशी जेवढी घेतली तेवढ्यावरच जन्मभर भागवायचे. शिवाय नेटवर्कचे भोक नसते. बँकेच्या जाळ्यात शिरायचा रस्ता त्या भोकातूनच जातो. यूएसबीचे अ‍ॅडाप्टर मिळते आणि रियलटेकच्या आरटीएल८१५३ चिपचे असेल तर मी वापरतो त्या लिनक्स प्रणालीवर ते विनातक्रार चालतेही, पण परभणीहून ८० किलोमीटरवर जाऊन बसल्यावर ते अ‍ॅडाप्टर घरच्या टेबलावर राहिल्याचे लक्षात येणे म्हणजे काय, हे मी अनुभवले आहे. त्या दिवशी शाखेतल्या मुलाने कुठून तरी एक जुने अ‍ॅडाप्टर शोधून आणले आणि माझी लाज राखली.

अशा रीतीने फिरत फिरत मी कंपन्यांनी वापरून काढून टाकलेल्या १२.५ इंची व्यावसायिक लॅपटॉपांपाशी आलो. लेनोव्होची थिंकपॅड एक्स मालिका, डेलचा लॅटिट्यूड ७२८०, एचपीचा एलिटबुक ८२० ही मंडळी या वर्गातली. मोठ्या कंपन्या ठरावीक वर्षांनी शेकड्यांनी यंत्रे बदलतात, आणि ती मुंबई-पुण्याच्या व्यापाऱ्यांमार्फत रिफर्बिश्ड म्हणून आपल्याकडे येतात. त्यात १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार संपला, आणि इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचे प्रोसेसर, एखाद-दुसरा अपवाद वगळता, विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. सहाव्या-सातव्या पिढीची धडधाकट यंत्रे केवळ यामुळे बिचारी ‘म्हातारी’ ठरली. लिनक्सला या यादीशी काही देणे-घेणे नाही. माझ्या कामाचा काली लिनक्स, म्हणजे सुरक्षा-चाचणीची साधने सोबत घेऊन येणारा लिनक्सचा प्रकार, डेबियन या दुसऱ्या प्रकारावर उभा आहे, आणि २०१३ साली बॅकट्रॅक या आधीच्या प्रणालीच्या जागी तो आला तेव्हापासून जुन्या यंत्रांवर तो चांगलाच रुळलेला आहे.

या वर्गातही डोळे उघडे ठेवून निवडावे लागते. एक्स२७० आणि एक्स२८० ही भावंडे नावावरून सारखी वाटतात, पण त्यांच्यामध्ये माझ्या दृष्टीने एक सीमारेषा आहे. २०१८ च्या एक्स२८० मध्ये चार कोरचा आठव्या पिढीचा प्रोसेसर मिळतो आणि तो हलकाही आहे, पण रॅम सोल्डर केलेली, बॅटरी आत बंद, आणि नेटवर्कसाठी वेगळी शेपटी जोडावी लागते. २०१७ चा एक्स२७० दोन कोरचा आणि सुमारे १.३ किलोचा आहे, पण त्यात रॅमचा एक खण असून त्यातली रॅम बदलता येते, नेटवर्कचे पूर्ण भोक आहे, एचडीएमआय आहे, आणि यूएसबी-सी मधून चार्जही होतो. एलिटबुक ८२० जी३ मध्ये तर रॅमचे दोन खण असल्यामुळे ३२ जीबीपर्यंत जाता येते, आणि ज्याला आभासी यंत्रे एकाच वेळी तीन-चार चालवायची आहेत त्याने तोच बघावा असे माझे मत आहे. मी एक्स२७० घेतला, आणि त्याचे खरे कारण बॅटरी हे होते.

एक्स२७० ला दोन बॅटऱ्या असतात. एक पोटात, सुमारे २३ वॉट-अवरची, आणि दुसरी पाठीमागे खटक्याने निघणारी, जी २३, ४८ किंवा ७२ वॉट-अवरची मिळते. आतली बॅटरी जिवंत असताना मागची काढून दुसरी लावली तरी यंत्र बंद पडत नाही. मराठवाड्यात लाइट जाण्याला ऋतू लागत नाही, आणि शाखेच्या यूपीएसवर पाहुण्याने आपली पिन खुपसावी हे कोणत्याही शाखाधिकाऱ्याला आवडत नाही, मलाही ते योग्य वाटत नाही. एकदा सकाळी अकराला गेलेली वीज चारला आली, त्या दिवशी मी भरलेल्या दोन बॅटऱ्यांवर काम पुरे केले आणि परतीच्या बसमध्ये अहवालाचा मसुदाही लिहिला. विमानाने जावे लागले तर सुटी बॅटरी आणि पॉवर बँक हातातल्या पिशवीत ठेवावी लागते, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. शिवाय विनापरवानगी नेता येणाऱ्या बॅटरीची मर्यादा १०० वॉट-अवर आहे, आणि ७२ वाली तिच्या आतच बसते. चिकलठाणा विमानतळावरच्या तपासणीत अधिकाऱ्याने ती उलटून आकडा वाचला आणि परत दिली, एवढेच. इथे एक इशारा दिला पाहिजे. पैसे वाचवायला मी एक नक्कल केलेली बॅटरी घेतली होती, ती आठ महिन्यांत फुगली आणि खालचे झाकण उचलू लागली. दोनदा वाया गेलेल्या पैशांपैकी एकदाचे ते हे.

दुसरे पैसे त्याआधीच गेले होते, आणि ते याहून वाईट रीतीने. एक्स२७० च्या आधी मी एका दुकानातून दुसऱ्याच कंपनीचे १२ इंची यंत्र घेतले होते. दुकानात विंडोज झकास चालत होते, पडद्यावर ओरखडा नव्हता, भावही बरा होता. घरी आणून कालीचा पेन ड्राइव्ह लावला तर यंत्र त्याच्याकडे ढुंकून पाहीना. सुरुवातीचे मेनू उघडले तर पासवर्ड मागितला. आधीच्या कंपनीने बायोसला, म्हणजे यंत्र सुरू होतानाच्या मूळ मांडणीला, घातलेले कुलूप तसेच होते, आणि पेन ड्राइव्हवरून सुरू होण्याची सोय त्या कुलपाच्या आत बंद होती. मदरबोर्डवरचा सेल काढून तासभर ठेवला की असले पासवर्ड पुसले जातात ही समजूत घरच्या जुन्या डेस्कटॉपपुरती खरी असते. व्यावसायिक लॅपटॉपांत तो पासवर्ड बहुधा वेगळ्या चिपमध्ये जपलेला असतो, आणि सेल काढल्याने तिचे काहीच बिघडत नाही. दुकानदार म्हणाला, “दादा, विंडोज चालतंय ना? मग झालं की.” त्याच्या बाजूने विचार केला तर त्याचेही खरेच होते.

तेव्हापासून दुकानात गेल्यावर मी विंडोजकडे पाहतच नाही. यंत्र बंद करून सुरू करतो, बायोस उघडतो, तिथे पासवर्ड विचारला नाही आणि सर्व रकाने बदलता येत असले तरच पुढे जातो. त्याच ठिकाणी चोरी-शोधाची सोय कायमची बंद केलेली आहे की अजून चालू आहे हेही दिसते. ती चालू असेल तर यंत्र कागदोपत्री अजून कोणाचे तरी असू शकते. मग खिशातला लाइव्ह पेन ड्राइव्ह लावून काली सुरू करतो आणि यूपॉवर या आज्ञेने बॅटरीची मूळ क्षमता व आजची क्षमता शेजारी शेजारी पाहतो. बॅटरी साठ टक्क्यांवर आली असेल तर भाव त्या हिशेबाने बोलतो. नेटवर्कच्या भोकात स्वतःची केबल खुपसून तिची जीभ खट्‌ वाजून अडकते का पाहतो, कारण पातळ यंत्रांत तिथले प्लॅस्टिक सगळ्यात आधी मोडते. बिजागरी, कळफलक, पंख्याचा आवाज या गोष्टी तर कोणीही बघतोच. पडद्याच्या बाबतीत मात्र हट्ट धरावा. या यंत्रांचे स्वस्त प्रकार १३६६ बाय ७६८ च्या पडद्याचे असतात आणि त्यावर बर्पच्या तीन खिडक्या म्हणजे एका खाटेवर तीन पाहुणे. १९२० बाय १०८० चा आयपीएस पडदा असलेलेच यंत्र मागावे, थोडे थांबावे लागले तरी.

आणल्यावर ते उघडण्याचा समारंभ घरी चटईवर झाला. खालचे आठ स्क्रू सैल केले की झाकण नखाने उचलले जाते. हे स्क्रू बाहेर पडत नाहीत, झाकणातच अडकून राहतात, आणि ज्या कोणा अभियंत्याला हे सुचले त्याचे भले होवो. बाकीचे लहान स्क्रू स्टीलच्या वाटीत ठेवले. ८ जीबीची रॅम काढून १६ ची बसवली, नवी एसएसडी घातली, पंख्याच्या पात्यांवर बसलेली करड्या रंगाची धूळ रंगाच्या ब्रशने काढली. काकू शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “एवढे पैसे देऊन जुनं कामून आणलं रे?” मी आत काय बदलता येते ते दाखवले. त्यांना शिवणयंत्राची तुलना सुचली, आणि त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर समजले असे मला वाटते.

वाय-फायची बाब स्वतंत्र आहे, आणि नवशिक्यांची सर्वांत जास्त फसगत इथेच होते. बिनतारी जाळे तपासायचे तर कार्डाला मॉनिटर मोड (आसपासची सगळी वाहतूक ऐकण्याची सोय) हवा आणि स्वतःहून पॅकेट, म्हणजे माहितीचे तुकडे, सोडता यायला हवेत. लॅपटॉपच्या पोटातले इंटेलचे कार्ड ऐकण्यापुरते बरे असते, पण पॅकेट सोडण्याच्या कामी त्याच्यावर भिस्त ठेवू नये. म्हणून लॅपटॉप निवडताना आतल्या कार्डाचा विचारच सोडून द्यावा आणि यूएसबीचे वेगळे अ‍ॅडाप्टर घ्यावे. तिथेही डब्यावरच्या नावाला भुलू नये, आतली चिप विचारावी. एकाच मॉडेलच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ चिप आणि दुसऱ्या आवृत्तीत भलतीच, असे बाजारात घडलेले आहे. एआर९२७१ अतिशय गुणी आहे, पण तिला फक्त २.४ गिगाहर्ट्झ ऐकू येते; शाखेचे वाय-फाय ५ गिगाहर्ट्झवर असेल तर ती बहिरी ठरते. मीडियाटेकची एमटी७६१२यू दोन्ही पट्टे ऐकते आणि तिचा ड्रायव्हर २०१८ पासून लिनक्सच्या कर्नेलमध्येच, म्हणजे गाभ्यातच, आहे, त्यामुळे कर्नेल अद्ययावत केल्यावर ती रुसत नाही. माझ्या पिशवीत आता हीच असते. लोकांना दुसऱ्याची वाय-फाय जोडणी तोडणाऱ्या पॅकेटांचे फार आकर्षण असते. डब्ल्यूपीए३ या वाय-फायच्या नव्या सुरक्षा-मानकामध्ये व्यवस्थापनाची पॅकेटे संरक्षित असणे सक्तीचे आहे, तेव्हा तो खेळ तिथे चालत नाही.

आता मला जे सर्वांत महत्त्वाचे वाटते त्याकडे येतो. प्रवासातला लॅपटॉप हरवू शकतो, हे खरेदीच्या आधीच गृहीत धरले पाहिजे. मनमाडच्या फलाटावर, एस.टी.च्या वरच्या फळीवर, लॉजच्या खोलीत, कुठेही. तो हरवला तर माझे नुकसान त्याच्या किमतीएवढेच व्हावे आणि बँकेचे काहीच होऊ नये, अशी व्यवस्था असली पाहिजे. महागड्या यंत्राबद्दल मला जो आकस आहे त्याचे मूळ इथे आहे, कारण दीड लाखाच्या लॅपटॉपची काळजी करणारा माणूस त्यातल्या माहितीची काळजी करायला विसरतो. माझी संपूर्ण एसएसडी लक्स या लिनक्सच्या सोयीने कूटबद्ध आहे, तरीही एक चूक मी अनेक दिवस करत होतो. झाकण मिटून यंत्र झोपवायचे आणि पिशवीत टाकायचे. झोपलेल्या यंत्राच्या मेमरीत कुलपाची किल्ली तशीच असते, आणि चोराच्या हाती कुलूप व किल्ली दोन्ही एकदमच जातात. गावाहून गावाला जाताना मी आता यंत्र पूर्ण बंद करतो, मग बसमध्ये पुन्हा सुरू करायला मिनिटभर गेले तरी चालेल.

प्रत्येक बँकेची माहिती वेगळ्या कूटबद्ध खणात राहते. अहवाल पोचला आणि बँकेची पोच मिळाली की त्या खणाची किल्लीच नष्ट करतो, कारण एसएसडीवर फाइल नुसती पुसल्याने ती खात्रीने गेली असे म्हणता येत नाही, पण किल्ली गेल्यावर उरलेला पसारा कोणाच्याही कामाचा नसतो. मूळ यंत्रणेची एक प्रत घरच्या डिस्कवर असते, त्यामुळे उद्या लॅपटॉप गेला तर तसेच दुसरे यंत्र आणून दोन तासांत पुन्हा उभे करता येते. एकाच जातीचे, बाजारात सहज मिळणारे मॉडेल घेण्याचा हा फायदा मला आधी सुचलाही नव्हता.

परवानगीपत्राची छापील प्रत लॅपटॉपच्या कप्प्यात कायम असते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० च्या कलम ४३ आणि ६६ प्रमाणे मालकाच्या परवानगीशिवाय त्याच्या यंत्रणेत अप्रामाणिक हेतूने शिरणे हा ३ वर्षांपर्यंतच्या कैदेचा किंवा ५ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाचा, किंवा दोन्हींचा गुन्हा आहे, आणि पडद्यावर काळ्या खिडकीत हिरवी अक्षरे पळताना दिसली की रेल्वेतला शेजारीही संशयाने बघतो. पत्रात कोणत्या दिवशी, किती वाजेपर्यंत आणि कोणत्या यंत्रांवर चाचणी होणार हे लिहिलेले असते. याच कारणासाठी मी प्रवासात फक्त लिहिण्याचेच काम करतो, आणि रेल्वेच्या किंवा लॉजच्या वाय-फायवर कुतूहलानेसुद्धा काही तपासत नाही.

एका साखर कारखान्याच्या कामात मात्र हा लॅपटॉप अपुरा पडला, तेही नमूद केले पाहिजे. गळीत हंगामापूर्वी वजनकाट्यापासून कार्यालयापर्यंतचे जाळे पाहायचे होते. वजनकाट्याचा दर्शक सिरियल केबलने संगणकाला जोडलेला होता आणि माझ्याकडे तसा पोर्ट नव्हता. उसाच्या रिकाम्या बैलगाड्या बाजूला उभ्या, काट्याच्या केबिनमध्ये मी यूएसबी-सिरियल केबलसाठी फोनाफोनी करतोय, आणि मायक्रोपीसीवाला मित्र फोनवर हसतोय, असे ते दृश्य होते. आता एफटीडीआय चिपची एक केबल पिशवीत कायमची आली आहे. त्याच कारखान्यात स्वयंचलित नियंत्रणाच्या जाळ्यावर मी एनमॅप अगदी मंद गतीने आणि केवळ ठरवून दिलेल्या पत्त्यांवर चालवला, कारण जुने पीएलसी (कारखान्याची यंत्रे चालवणारे नियंत्रक) जोरदार स्कॅनने गोंधळून थांबू शकतात आणि तिथे लॅपटॉप कितीही वेगवान असून उपयोग नसतो.

पिशवीचे एकूण वजन आता लॅपटॉप, जादा बॅटरी, यूएसबी-सीचा ४५ वॉटचा चार्जर, वाय-फायचे अ‍ॅडाप्टर, तीन मीटरची केबल आणि वही धरून अडीच किलोच्या आत आहे, म्हणजे पूर्वीच्या नुसत्या लॅपटॉपएवढे. दोन कोरचा प्रोसेसर कधी कधी जाणवतो, विशेषतः दोन आभासी यंत्रे चालू असताना ब्राउझर उघडला की. पण ७२ वॉट-अवरची अस्सल बॅटरी मिळणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे, ही अडचण त्याहून मोठी आहे. गेल्या महिन्यात एक मिळाली, तिची मूळ क्षमता व आजची क्षमता यांत चार टक्क्यांचाच फरक निघाला, आणि ती मी ऐंशी टक्क्यांवर चार्जिंग थांबेल असे टीएलपी या बॅटरी सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये लावून ठेवली आहे. ती दमेपर्यंत यंत्र बदलण्याचा विचार नाही.